सज्ञान आहे, येईल परत

अल्पवयीन मूल हरवले, तर त्याला पळवून नेले असावे असे गृहीत धरून पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर २०१३ साली झाला. पण स्मृतिभ्रंश झालेले सत्तर वर्षांचे आजोबा फजरच्या नमाजला निघाले आणि घरी आलेच नाहीत, तर पोलीस ठाण्यात होते ती फक्त 'मिसिंग'ची नोंद. वर एक वाक्य ऐकायला मिळते, सज्ञान आहे, येईल परत.

सज्ञान माणसाला घर सोडण्याचा हक्क आहे, हे आम्हाला मान्यच आहे. सासरच्या छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या बाईला, मनाप्रमाणे लग्न केलेल्या मुलीला त्याच हक्काचा आधार असतो. तो काढून घ्या असे आम्ही कधीच म्हणणार नाही. मात्र ज्याला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, औषधे थांबली की ज्याचे भान सुटते, त्याची 'मर्जी' कोणती? मनोविकार, स्मृतिभ्रंश, बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांचा शोध मुलांच्या शोधाइतक्याच तातडीने झाला पाहिजे. तक्रारीसाठी चोवीस तास थांबा असे सांगणारा एकही कायदा नाही, तरी हा समज कुटुंबांतही आहे आणि ठाण्यांतही. नेमके हेच तास मोलाचे असतात. सुरुवातीला असा माणूस बहुधा पायी जाण्याच्या अंतरावरच असतो. एकदा रेल्वेत बसला की जिल्हा बदलतो, राज्य बदलते, भाषाही बदलते.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानचे काम पाहिले की हे कळते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणतात, उपचार करतात. हळूहळू त्यांना गावाचे, भावाचे नाव आठवते आणि कार्यकर्ते त्यांना थेट घरी पोहोचवतात, मग ते घर देशाच्या दुसऱ्या टोकाला का असेना. संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा यातून दिसणारी गोष्ट मोठी आहे. यातली कितीतरी माणसे 'बेपत्ता' नव्हतीच. एका ठाण्याच्या रजिस्टरमध्ये ती हरवलेली होती आणि दुसऱ्या शहराच्या फुटपाथवर सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. या दोन नोंदींची गाठ कोणी घालून दिली नाही.

ती घालण्याची जबाबदारी कायद्याने ठरवून दिली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना दिसला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही. त्याच्याबाबत हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवायचा आणि त्याचे कुटुंब शोधणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य. आपल्या नाक्यावर महिनोन्‌महिने बसलेल्या माणसासाठी असा एफआयआर झाल्याचे वाचकांपैकी किती जणांनी पाहिले आहे?

मागे राहिलेल्यांचे हाल वेगळेच. सात वर्षे खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो, तोवर विमा, वारसा सगळे अडकून पडते. मुस्लिम बाईला १९३९ च्या विवाह विच्छेद कायद्याने नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसल्यास घटस्फोट मागता येतो. हनफी मतात अशा बाईने आयुष्यभर ताटकळावे अशी स्थिती होती. त्या काळच्या उलेमांनीच मालिकी मताचा आधार घेतला, म्हणून ही वाट निघाली. पण ज्या बायकांना लग्न मोडायचे नाही, माणूस परत हवा आहे, त्यांना हा कायदा काय देणार? आणि बेपत्ता मुलाच्या आईसाठी तर चार काय, सात काय.

आता थोडे आपल्या घरातले. भरकटलेली माणसे दर्ग्यांवर येतात. काहींना तर घरचेच आणून सोडतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीत दर्ग्याजवळच्या खासगी निवासात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. त्यानंतर साखळ्यांवर बरीच चर्चा झाली, कोण कुठून आले आहे याची नोंद ठेवण्यावर फारशी नाही. लंगरमध्ये जेवण मिळते, कोणी हाकलत नाही, ही दर्ग्याची मोठी पुण्याई. पण महिनाभर जेवू घातलेल्या माणसाचे नाव, बोली, अंगावरची खूण कोणी लिहून ठेवत नाही. बेवारस मयतीचेही तेच. जमातीची माणसे कफन-दफन अदबीने करतात, पण दफनापूर्वीचा फोटो आणि अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक कब्रस्तानच्या वहीत असतोच असे नाही. पुढे कधी एखादा भाऊ शोधत आला, तर त्याला कोणती कबर दाखवणार?

येत्या महिन्यात आमचे कार्यकर्ते दर्गा आणि कब्रस्तान ट्रस्टच्या मुतवल्लींना भेटून अशी वही सुरू करण्याची विनंती करणार आहेत. कलम १०० ची मराठी आणि उर्दू प्रत सोबत नेणार आहेत. ज्यांच्या भागात असा कोणी बसलेला आहे त्यांनी ती प्रत घेऊन ठाण्यात जावे, आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय उठू नये.