‘मंजूर, मंजूर’च्या गजरात अडकलेली रेल्वे

सप्टेंबर महिना आला की कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. मंडप पडतो, अहवालाच्या प्रती वाटल्या जातात, अध्यक्ष पहिला विषय वाचायला उभे राहतात आणि त्यांचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच एका बाजूने ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठतो. दुसऱ्या बाजूने ‘नामंजूर’च्या आरोळ्या येतात. त्या गदारोळात कोट्यवधींचे ताळेबंद संमत होतात आणि राष्ट्रगीताने सभा संपते. पुण्या-मुंबईचे सुशिक्षित या प्रकाराला हसतात. त्यांनी एकदा लोकसभेच्या प्रेक्षक सज्जात बसून यावे.

२३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या एका शब्दाच्याही चर्चेविना संमत केल्या. अर्थसंकल्प होता सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा आणि त्यात रेल्वेचीही मागणी होती. या प्रक्रियेला संसदीय परिभाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या साऱ्या मागण्या एकगठ्ठा मतास टाकायच्या, असा तो नियम. अपवादासाठी केलेल्या या सोयीचा आधार घेऊन २००४-०५, २०१३-१४ आणि २०१८-१९ या वर्षांतही सर्वच्या सर्व मागण्या अशाच संमत झाल्या होत्या. चारपैकी दोन वर्षे काँग्रेसप्रणीत आघाडीच्या राजवटीतील, दोन राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या. विरोधकांना घोषणा द्यायच्या असतात, सत्ताधाऱ्यांना काम उरकायचे असते; दोघांची सोय एकाच गोंधळात होते.

याची किंमत वारणानगरला कशी मोजावी लागते, हे पाहण्यासारखे आहे. तात्यासाहेब कोरे यांनी ओसाड माळावर सहकाराची ही नगरी उभी केली. साखर, दूध, शिक्षण, बालवाद्यवृंद असा संसार तेथे फुलला. पण रेल्वेचे जवळचे मोठे स्थानक तीसेक किलोमीटरवरचे कोल्हापूर, आणि ते स्थानक म्हणजे लोहमार्गाचा शेवट. तेथून पुढे रूळ नाहीत. वारणेचे दूध मुंबईला जाते ते टँकरने. ऑगस्ट २०१९ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा टँकर आणि ट्रक जागच्या जागी उभे राहिले. पश्चिमेला सह्याद्री उतरला की कोकण रेल्वेचे वैभववाडी स्थानक आहे. कोल्हापुराहून तेथे रेल्वेनेच जायचे ठरवले तर मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव, सावंतवाडी, कणकवली अशी प्रदक्षिणा करावी लागते. ती कोणी करीत नाही. उपचारासाठी कोल्हापूर गाठणारा कोकणातला रुग्ण आणि अंबाबाईच्या दर्शनाला निघालेले कुटुंब एसटीने घाट चढते. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला आणि या साऱ्यांना भुईबावडा किंवा फोंडा घाटाचा वळसा घ्यावा लागला. घाटमाथ्यावरचा गगनबावडा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांची जहागीर. व्यापारउदीम आणि बंदरे यांना राज्याच्या बळाचा भाग मानणाऱ्या आज्ञापत्रकारांच्या गावाखालून आजही मालगाडी जात नाही, हा योगायोग बोचणारा आहे.

या उणिवेवरचा उपाय कागदावर कधीच सापडला आहे. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा नवा मार्ग समाविष्ट झाला. खर्चाचा अंदाज तेव्हा सव्वातीन हजार कोटींच्या घरात होता, पुढे तो ३,४०० कोटींच्या वर गेला. पीएम गतिशक्ती योजनेच्या नियोजन गटानेही या मार्गाची शिफारस केली. ‘रेल्वे मंजूर’ असे फलक गावोगावी लागले, फटाके वाजले, श्रेयाच्या मारामाऱ्या झाल्या. घोषणेला दशक होत आले, घाटातून रेल्वे काही धावली नाही.

अर्थसंकल्पातील समावेश ‘आवश्यक त्या मंजुरीच्या अधीन’ असतो, हे मंत्रालयाची उत्तरे वाचणाऱ्याला ठाऊक आहे. सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, परताव्याचा हिशेब, राज्याच्या वाट्याचा प्रश्न, नीती आयोगाचे मूल्यमापन आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीची मान्यता, एवढ्या पायऱ्या चढल्यावर खरी मंजुरी येते. फलकावर मात्र ‘अधीन’ हा शब्द कोणी छापत नाही. वारणाकाठचा ऊसउत्पादक कारखान्याच्या काट्यावर उभा राहून आपल्या उसाचे वजन तपासतो, साखरेचा उतारा दशांश चिन्हापर्यंत पाठ ठेवतो. तोच शेतकरी तीन हजार कोटींच्या मार्गाबद्दल ‘साहेबांनी आणला’ एवढ्या वाक्यावर समाधान मानतो!

हा रोग जुना आहे. ८ जुलै २०१४ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी लोकसभेत जे सांगितले ते कार्यकर्त्यांनी वहीत लिहून ठेवावे. मागील ३० वर्षांत १,५७,८८३ कोटी रुपयांचे ६७६ प्रकल्प मंजूर झाले होते. त्यांपैकी पूर्ण झाले ३१७. उरलेल्या ३५९ प्रकल्पांना १,८२,००० कोटी रुपये लागणार होते. मागील दहा वर्षांत ९९ नव्या मार्गांना मंजुरी मिळाली आणि पूर्ण झाला फक्त एक. रेल्वे खाते ज्यांनी मतपेढीची दुभती गाय समजून दोहले, त्यांचा हा ताळेबंद आहे. पण दर वर्षी हे अर्थसंकल्प संमत करताना सभागृहात पाचशेहून अधिक खासदार होते, आणि ‘गेल्या वर्षीच्या मार्गाचे काय झाले?’ हा प्रश्न लावून धरणारे बोटांवर मोजण्याइतके.

महाराष्ट्राने या हलगर्जीपणाचे मोल अहमदनगर-बीड-परळी मार्गावर मोजले. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या या मार्गाचा मूळ अंदाज ३५३ कोटींचा होता. पुढे तो ४,८०० कोटींवर गेला. गोपीनाथ मुंडे यांनी आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला. बीडमध्ये गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुंडे यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी. मधल्या तीस वर्षांत एक पिढी ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर ट्रॅक्टरमधून याच वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यात येत राहिली.

आता पैशाची सबबही उरलेली नाही. २००९ ते २०१४ या काळात महाराष्ट्रातील रेल्वेकामांसाठी वर्षाला सरासरी १,१७१ कोटी रुपये मिळत. २०२५-२६ मध्ये ही तरतूद २३,७७८ कोटींवर गेली. राष्ट्रवादी विचाराच्या माणसाला या आकड्याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच. पण वीसपट पैसा म्हणजे वीसपट हिशेब, आणि नेमके याच काळात हिशेब मागण्याची जागा आकसली आहे. १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७-१८ पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. घोषणांची ती वार्षिक जत्रा बंद झाली, हे उत्तमच झाले. मात्र जत्रेबरोबर चावडीही उठली. पूर्वी मंत्र्याला निदान एक दिवस प्रत्येक मार्गाचे नाव घेऊन देशासमोर उभे राहावे लागे. आता कोणत्या मार्गाला किती रुपये मिळाले हे पिंक बुकात शोधावे लागते, आणि तेथे एखाद्या मोठ्या कामापुढे नाममात्र रक्कम असली तरी काम ‘चालू’च ठरते.

राहिली रेल्वेची स्थायी समिती. १९९३ पासून विभागवार समित्यांची व्यवस्था आहे. दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य, बंद दाराआड बैठका, अभ्यासपूर्ण अहवाल. पण या समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर लोकलेखा समिती बोलते, तीही खर्च होऊन गेल्यावर. विझलेल्या घरावर पाणी मारण्यासारखेच ते.

हिशेब मागितला की कामे रखडतात, असा युक्तिवाद दिल्लीतील काही अधिकारी करतात. त्याला कोकण रेल्वेनेच उत्तर दिले आहे. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस हे समाजवादी. त्यांच्याशी या विचाराचे मतभेद जगजाहीर आहेत. तरीही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे की १९९० मध्ये त्यांनी स्वतंत्र महामंडळ उभे केले, केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा भांडवलातील वाटा ठरवून दिला आणि ई. श्रीधरन यांच्या हाती सूत्रे दिली. सह्याद्रीचे कडे, चिकणमातीचे बोगदे, पावसाळे सोसून जानेवारी १९९८ मध्ये तो मार्ग पूर्ण झाला. पैसा कोणाचा, जबाबदारी कोणाची आणि तारीख कोणती, हे आधी ठरले होते. त्याहीपूर्वी, संस्थानी काळात, मिरज-कोल्हापूर मार्गाची पायाभरणी १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि १८९१ मध्ये कोल्हापुरात गाडी आली. तीन वर्षे! त्या गाडीच्या शेवटच्या स्थानकापुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ रूळ सरकलेले नाहीत.

वारणानगर हातकणंगले लोकसभा मतदारसंघात येते. हातकणंगले, कोल्हापूर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या तीन मतदारसंघांचे खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांनी मिळून एक तारांकित प्रश्न द्यावा: कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला आर्थिक व्यवहार समितीची मान्यता आहे काय, नसल्यास कागद कोणत्या टेबलावर आणि कोणत्या तारखेपासून आहे, आणि २०१६ पासून या मार्गावर प्रत्यक्ष किती रुपये खर्च झाले? तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. त्यासाठी पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. मतदारसंघात होणाऱ्या पुढच्या मेळाव्यात कार्यकर्त्यांनी हार घालण्यापूर्वी खासदारांना तेवढी सूचनेची तारीख विचारावी.