नकाशावरील अंतर आणि प्रवाशाचा वेळ

नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर या मराठवाड्यातील दोन विमानतळांमधील अंतर सरळ रेषेत मोजल्यास सुमारे २१५ किलोमीटर भरते. लहान विमानास एवढे अंतर तोडण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ पुरावा. त्यामुळे ही दोन शहरे विमानाने थेट जोडावी, ही कल्पना कोणासही मोहात पाडील. परंतु औंढा नागनाथ येथील गृहस्थाने हा हिशेब घरच्या उंबरठ्यापासून मांडला, तर काय दिसेल?

औंढा या हवाई रेषेच्या उत्तरेस तीसएक किलोमीटरांवर आहे. संभाजीनगर त्याच्या पश्चिमेस, नांदेड आग्नेयेस. म्हणजे पश्चिमेकडे जाण्यासाठी या गृहस्थाने प्रथम वसमतमार्गे उलट दिशेने दीड-पावणेदोन तास जावयाचे, विमानतळावर तासभर आधी हजर राहावयाचे, मग पाऊण तास उडावयाचे आणि उतरल्यावर पुन्हा गावात शिरावयाचे. इतक्या अवधीत जिंतूर-जालना रस्त्याने निघालेली मोटार संभाजीनगरच्या वेशीपाशी आलेली असेल! दोन धावपट्ट्यांमधील वेळ हा प्रवाशाचा वेळ नव्हे, ही साधी गोष्ट आमच्या नियोजनात सहसा धरली जात नाही.

नांदेडचा विमानतळ औंढ्यास निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्याचे खरे मोल दूरच्या प्रवासात आहे. सचखंड गुरुद्वाराच्या दर्शनास पंजाबातून येणारा भाविक नामदेवांच्या नर्सीस जातो, नागनाथासही येतो. शिवाय औंढ्यानजीक दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा व्हावयाची आहे. तिच्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. पुणे, इंदूर आणि गांधीनगर येथील संस्था या कामात गुंतल्या आहेत. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांत प्रकाशाच्या प्रवासातील अणुमात्र फरकही मोजला जाईल. तेथे येणाऱ्या शास्त्रज्ञाचा दिवस कसा मोडेल, हे मोजणारे कोणी नसावे, हे चमत्कारिक होय.

आमची खरी तक्रार अंतराविषयी नसून भरवशाविषयी आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेचा शुभारंभ झाला, तेव्हा सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद मार्गासही हिरवा बावटा मिळाला. तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा होती. मध्यमवर्गीय कुटुंबास विमान परवडण्याजोगे झाले. पुढे २०२२ च्या आरंभी हा मार्ग चालविणाऱ्या ‘ट्रूजेट’ने आपली उड्डाणेच थांबविली. या योजनेतील सरकारी साहाय्य मुळात तीन वर्षांपुरते असते. त्यानंतर मार्ग कसा टिकावा, याचा विचार त्या तीन वर्षांतच व्हावयास हवा.

तेव्हा हिंगोली आणि नांदेडच्या लोकप्रतिनिधींनी मराठवाड्यातल्या मराठवाड्यात उडणाऱ्या विमानासाठी आपली शक्ती खर्च करू नये, असे आम्हांस वाटते. नांदेडहून दिल्ली, हैदराबाद, पुण्याकडील उड्डाणे वर्षभर न चुकता चालतील, एवढे त्यांनी पदरात पाडून घ्यावे. आणि विमान उतरण्याची वेळ पाहून राज्य परिवहनाची एक गाडी विमानतळावरून वसमतमार्गे औंढ्यास सोडावी. त्यासाठी ना नवी धावपट्टी लागते, ना दिल्लीची मंजुरी.