सही कुणाची, निर्णय कुणाचा?

कारखान्याच्या पाटीवर बायकोचे नाव, बँकेच्या कर्जावर बायकोची सही. पण यंदा काजू बी कोणत्या दराने घेतली आणि कुणाचे किती देणे आहे, हे तिला ठाऊक नसते. आजरा, चंदगड आणि आपल्या नेसरीच्या आसपास असे कारखाने शोधायला फार फिरावे लागत नाही. हजरत खदीजा (रजि.) स्वतःच्या मालाचा व्यापार करत होत्या, त्यासाठी माणसे नेमत होत्या, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. घरच्या धंद्याचा हिशेब मात्र त्याच मुलींपासून लांब ठेवतो.

भगिनींनो, म्हणूनच या वेळी पुण्याच्या थरमॅक्स कंपनीच्या अनु आगा यांच्याविषयी लिहिते आहे. थरमॅक्स बॉयलर बनवते. साखर कारखान्यात बगॅस जाळून वाफ करतात ती बॉयलरमध्येच, आणि आपल्याकडे काजू बी वाफवतात तीही छोट्या बॉयलरवर. त्यामुळे धंदा अगदीच परका नाही.

अनुताईंचा जन्म 1942 साली मुंबईत, एका पारशी घरात झाला. वडील ए. एस. भाथेना यांनी 1966 मध्ये बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीच्या सहकार्याने वॅन्सन इंडिया सुरू केली. 1980 मध्ये तिचे नाव थरमॅक्स झाले. धंदा मुलांनी बघायचा आणि मुलीने लग्न करायचे, ही रीत त्या घरातही होती. अनुताईंनी समाजकार्याचे शिक्षण घेतले, लग्न केले, मुले वाढवली. कंपनी पुढे नेली ती त्यांचे पती रोहिंटन आगा यांनी. म्हणजे बापाचा धंदा जावयाकडे गेला. हेही आपल्याला नवे नाही.

रोहिंटन यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला, पाठोपाठ पक्षाघात झाला. त्यानंतर, 1985 मध्ये अनुताई कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करू लागल्या. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि त्याच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. पुढची दहा-अकरा वर्षे त्यांनी नोकरी केली. कामगार ओळखले, साहेब लोक ओळखले. 1991 पासून त्या विभागाच्या प्रमुख होत्या.

फेब्रुवारी 1996 मध्ये त्या इंग्लंडहून परत येत होत्या. मुलगी मेहेर बाळंत झाली होती, म्हणून गेल्या होत्या. त्यांना आणायला पुण्याहून मुंबईकडे निघालेले रोहिंटन वाटेतच वारले. दोनच दिवसांनी संचालकांनी अनुताईंना कंपनीच्या अध्यक्ष केले. आपल्याकडे इद्दतीचेच चार महिने दहा दिवस. त्या काळात धंद्याचे काय करायचे, हे किती घरांत आधी बोललेले असते? बँकेचा हप्ता काही इद्दत पाळत नाही.

ही खुर्ची आपल्याला लायकीवर मिळाली की घराण्याचे शेअर साठ टक्क्यांहून अधिक म्हणून, हा प्रश्न अनुताईंनाच छळत होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. त्यातून सावरतात न सावरतात तोच, पतीच्या मृत्यूला सव्वा वर्ष होण्याआधी, पंचवीस वर्षांचा मुलगा कुरुश मोटार अपघातात गेला. सासूबाईही त्याच सुमारास गेल्या. या काळात विपश्यनेने आपल्याला आधार दिला, असे त्या सांगतात.

इकडे कंपनी घसरत होती. देशातली मंदी हे एक कारण होते, आणि पसारा हे दुसरे. बॉयलर सोडून सॉफ्टवेअर, इलेक्ट्रॉनिक्स, बाटलीबंद पाणी अशा नाना उद्योगांत पैसा गुंतला होता. सुमारे 400 रुपयांचा शेअर 36 रुपयांवर आला. तेव्हा एका भागधारकाने त्यांना निनावी पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की तुम्हाला पैशाची ददात नसेल, पण तुम्ही आम्हाला बुडवले. त्या पत्राने अनुताईंची झोप उडाली. तोवर शेअर बाजाराच्या चढउताराकडे त्या फारसे लक्ष देत नव्हत्या. आपल्या मालकीत दुसऱ्याची कमाईही अडकलेली असते, हे त्या पत्राने दाखवले.

मग त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले. आतल्या पुष्कळ लोकांना ते रुचले नाही. संचालक मंडळ बदलले, आणि घरच्या माणसांनी रोजच्या कारभारातून बाजूला व्हायचे ठरले. त्यात मुलगी होती, जावई होता. सांगायला हे एक वाक्य आहे. पण ज्या घरात भाऊ-भाऊ गल्ल्याच्या किल्लीवरून अबोला धरतात, तिथे याची किंमत कळेल. जोडधंदे विकले किंवा बंद केले आणि कंपनी पुन्हा बॉयलर व ऊर्जेच्या कामावर आली. तोटा भरून निघाला. 2004 मध्ये अनुताईंनी अध्यक्षपद मेहेर पुदुमजी यांच्याकडे सोपवले. मेहेर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग शिकल्या आहेत. रोजचा कारभार पाहायला व्यवस्थापकीय संचालक मात्र घराबाहेरचाच राहिला.

एक गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायची आहे. 2002 च्या गुजरात दंगलींनंतर बरेच उद्योगपती गप्प होते. अनुताई तिथल्या मदत छावण्यांत गेल्या, आणि परत येऊन उद्योजकांच्या परिषदेत, सर्वांसमोर त्याविषयी बोलल्या. मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाला अशा बोलण्याचा तोटा होऊ शकतो, हे त्यांना कळत नसेल असे नाही. पुढे 2010 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2012 ते 2018 त्या राज्यसभेत होत्या. थरमॅक्सची सामाजिक संस्था आकांक्षा संस्थेच्या साथीने पुणे महापालिकेच्या शाळा चालवते. शिक्षिका म्हणून मला त्या कामाचे मोल अधिक वाटते.

आता आपल्या काजू कारखान्याकडे येऊ. कारखाना एकट्या तुमच्या नावावर असेल, तर त्याचे कर्जही तुमचेच. ते फेडण्यासाठी तुमच्या इतर मालमत्तेवरही हात येऊ शकतो, कारण एकल मालकीत धंदा आणि मालक कायद्याला वेगळे नसतात. पती हयात असतानाच कर्जाचा करार, मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि देणेकऱ्यांची यादी मागून घ्या. कळले नाही तर हिशेब लिहिणाऱ्याला घरी बोलावून विचारा. विरासतीचेही तसेच. मुले असतील तर पत्नीचा आठवा हिस्सा आणि भावाच्या निम्म्याने बहिणीचा, हे सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहे. त्यात चालू धंदाही येतो, नुसते घर आणि शेत नाही. वडिलांच्या चाळिसाव्यालाच भाऊ हक्कसोडपत्र पुढे करत असतील, तर सहीआधी इतकेच विचारा, की कारखान्याचा हिशेब कुठे आहे.