बंदूक ठाण्यातून घरी आली, पण चावी कुणाकडं?

मंडळी, आचारसंहिता लागली की आपल्याकडं एक दृश्य ठरलेलं असतं. पोलीस ठाण्याच्या दारात धोतर-टोपीतली माणसं खांद्यावर गवसणीतली बंदूक घेऊन उभी. 2024 ला तर दोनदा उभी राहिली, लोकसभेला आणि विधानसभेला. निकाल लागला की पावती दाखवायची आणि बंदूक घरी न्यायची. ठाण्यात तिला कुलूप होतं, नोंद होती, पहारा होता. घरी आल्यावर ती जाते कुठं, हे कुणी विचारत नाही.

मी सांगतो कुठं जाते. दिवाणाच्या पेटीत. वाकळांच्या ढिगाखाली. लोखंडी कपाटाच्या मागं, भिंतीला टेकवून. लईच झालं तर कपाटात, आणि कपाटाची चावी देवघरात.

आमच्या घरी अशीच होती. चुलत्यांची बारा बोरची डबल बार, रानडुकरं हुसकायला घेतलेली. चावी देव्हाऱ्यात, करंड्याच्या मागं. काकूला वाटायचं, देवाजवळ कोण हात घालतंय. मी दहा वर्षांचा आणि चुलतभाऊ आठचा. आम्हाला ती जागा पाडव्याच्या साखरगाठी शोधताना सापडली होती. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आम्ही कपाट उघडलं, बंदूक पलंगावर आडवी केली. भाऊ नळीत डोळा घालून बघत होता. चाप माझ्या बोटाजवळ होता. तेवढ्यात अंगणात बैलगाडी वाजली म्हणून आम्ही पळालो. संध्याकाळी चुलत्यांनी बंदूक मोडून बघितली तर एका नळीत काडतूस तसंच होतं. आदल्या रात्री रानातून दमून आले आणि झोपले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला मारलं नाही. नुसते ओट्यावर बसून राहिले. आज त्या भावाला दोन लेकरं आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कुलूप कोणतं घ्यायचं याच्या आधी चावी कुणाच्या हातात हे ठरवा. मुंबईतलं दहिसरचं प्रकरण आठवतं का? फेब्रुवारी 2024, अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्ह चालू असतानाच गोळ्या झाडल्या. पिस्तूल मारणाऱ्याचं नव्हतंच, त्याच्या बॉडीगार्डचं होतं, परवान्याचं. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे ते त्याच ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवलं जायचं. म्हणजे लॉकर होता, कुलूप होतं, पण उघडणारा हात भलत्याचाच. त्याच वर्षी ऑक्टोबरात अभिनेता गोविंदाच्या पायाला स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. पहाटे कपाटात ठेवताना हातातून निसटलं, आणि ते भरलेलं होतं. भरलेल्या हत्याराला कुठलंही कपाट पुरत नाही.

आता कुलपाचं. बाजारात ट्रिगर लॉक मिळतं, चापावर बसणारं. लेकराच्या हातापुरतं ठीक आहे, पण चोर बंदूक कुलपासकट उचलून नेतो. आणि भरलेल्या बंदुकीला ते कधीच लावू नका, बसवतानाच चाप दाबला जाऊ शकतो. त्यापेक्षा मला केबलवालं बरं वाटतं. डबल बार मोडायची, तार नळीतून ओवायची, कुलूप लावायचं. मग ती बंद होतच नाही, आणि बंद झाल्याशिवाय उडत नाही. पॉइंट थ्री वन फाइव्ह रायफल असेल तर बोल्ट काढून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, मागं उरते ती नुसती नळी आणि लाकूड. याला पैसाही लागत नाही.

खरं काम मात्र पोलादी पेटीचं. ती आतून बोल्ट मारून भिंतीला पक्की हवी, नाहीतर दोघं जण टेम्पोत टाकून नेतील. मोठं कुलूप बघून भुलू नका, कडी-कोयंडा बघा. आपल्याकडं शंभराचं कुलूप आणि दहाचा कोयंडा, स्क्रू बाहेरून. पेचकस लावला की कुलूप शाबूत आणि दार उघडं! नंबरचं कुलूप घेतलं तर जन्मसाल किंवा गाडीचा नंबर ठेवू नका, तो घरातल्या प्रत्येक लेकराला पाठ असतो. बोटाच्या ठशाचं घेतलं तर सेल वेळेवर बदला. काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या चावीत. आणि चामड्याच्या गवसणीत पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं, नळी गंजते. (हे चुलत्यांना सांगून सांगून थकलो.)

काही जण म्हणतील, रात्री डुक्कर आलं तर दोन कुलपं उघडत बसू का? हो, बसा. डुक्कर एका रात्रीत सोयाबीन खाईल, नुकसान होईल, मान्य. पण त्या दोन मिनिटांचा अर्थ दुसराही आहे. आपल्या मराठवाड्यात कर्जानं, नापिकीनं खचलेलं माणूस कुठल्या घरात नाही? वाईट घटका येते आणि जातेही. ती जाईपर्यंत बंदूक हाताला लागता कामा नये. घरात असं कुणी असेल तर चावी त्याच्याकडं ठेवूच नका. त्याहून बरं, रीतसर पावती घेऊन बंदूकच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं ठेवा. लाज कसली त्यात? निवडणुकीला ठेवतोच की.

2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र आहे. आपण सही करतो, ते फायलीत जातं. बीडच्या प्रकरणानंतर परवाने कुणाला दिले यावर खूप बोललं गेलं, बोलायलाच हवं होतं. पण ज्यांचा परवाना रास्त आहे त्यांच्या घरातलं कपाट कुणी बघितलं? नूतनीकरण पाच वर्षांनी होतं. तेव्हा चारित्र्याच्या चौकशीला हवालदार येतोच, चहा पितोच. उठताना त्यानं एवढं म्हणावं, "काका, पेटी दाखवा." पेटी नसेल तर शिक्का नाही. परभणीच्या जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं तसा लेखी अर्ज देणार आहे. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी सही करायला यावं. चुलत्यांची पहिली सही झालेली आहे.