चौकटीमागचे धनी

दादरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट हल्ली हटकून टांगलेली असते. गिऱ्हाईक खिशातून फोन काढतो, चौकटीपुढे धरतो आणि क्षणात पैसे भाजीवालीच्या बँकखात्यात जमा होतात. त्या ठिपक्यांचा अर्थ काय, हे तिने कधी कोणाला विचारलेले नाही. विचारण्याचे तिला कारणही नाही. तराजूतल्या किलोचे वजन कोणी ठरविले, हेही तिने विचारले नव्हते. पण त्या प्रश्नाला निदान उत्तर तरी होते. १९५६ साली वजने व मापे यांचा कायदा झाला तो संसदेत, उघड चर्चा होऊन. मण-शेर जाऊन किलो आले ते लोकांच्या प्रतिनिधींनी हात वर केल्यानंतर. ही चौकट कोणत्या सभागृहात ठरली? ज्या नियमांवर देशाचा किरकोळ व्यवहार आज चालतो, ते नियम करणाऱ्या संस्था कोणत्या, तेथे कोण बसते आणि आपल्या वतीने कोण बोलते, हा प्रश्न आम्ही पहिल्या पानावर मांडीत आहोत. तो केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानण्याची चूक आपण बराच काळ केली आहे.

या चौकटीचा, म्हणजे क्यूआर कोडचा, जन्म जपानात १९९४ साली झाला. मोटारींचे भाग बनविणाऱ्या डेन्सो कंपनीत एकेका पेटीवरील अनेक बारकोड वाचता वाचता कामगार मेटाकुटीस येत. मासाहिरो हारा आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर उपाय शोधला. तीन कोपऱ्यांतील तीन चौकोनांमुळे यंत्राला चौकट कोठे आहे हे तत्काळ कळते. हे चौकोन इतर छपाईत मिसळून जाऊ नयेत म्हणून त्यांनी मासिके, पत्रके, पुठ्ठ्याची खोकी असा छापील मजकूर धुंडाळून काळ्यापांढऱ्याचे सर्वांत दुर्मिळ प्रमाण हुडकले: एकास एक, तीन, एक, एक. चौकटीचा सुमारे तीस टक्के भाग फाटला वा मळला तरी ती वाचता येईल, अशीही सोय करता येते. ही सारी करामत वाखाणण्याजोगीच आहे. परंतु आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट कंपनीने पुढे केली. पेटंट हाती असूनही, प्रमाणाबरहुकूम काढलेल्या चौकटीवर आपण ते बजावणार नाही, असे तिने जाहीर केले. कोणी यात औदार्य पाहील. आम्हांला त्यात व्यापारी शहाणपण दिसते, कारण चौकटी वाचणारी यंत्रे विकणे हा कंपनीचा धंदा होता आणि चौकटी जितक्या पसरतील तितकी यंत्रे खपणार होती. शहाणपण असो वा औदार्य, त्याचे फळ जगाला मिळाले. १९९७ साली उद्योगसंघाने, १९९९ साली जपानच्या प्रमाणव्यवस्थेने आणि २००० साली आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थांच्या संयुक्त समितीने १८००४ या क्रमांकाखाली ही चौकट मान्य केली.

मोबाइल फोनला कॅमेरा आला आणि हा कारखान्यातला विषय रस्त्यावर आला. मग जो तो आपापली चौकट घेऊन पुढे सरसावला. ओपन मोबाइल अलायन्स या फोन-उद्योगाच्या संघाने समान नियम करण्याचे काम हाती घेतले खरे. पण ज्यांना वेगळे दुकान थाटावयाचे होते त्यांनी ते थाटलेच. मायक्रोसॉफ्टने २००९ साली रंगीत त्रिकोणांचा ‘टॅग’ काढला. दिसायला तो देखणा होता, परंतु त्याचा अर्थ मायक्रोसॉफ्टच्या संगणकाला विचारल्यावाचून कळत नसे. २०१५ साली कंपनीने तो संगणक मिटविला आणि त्याच्या भरवशावर छापलेले त्रिकोण मुके झाले. मालकीच्या चौकटीवर विसंबून राहणाऱ्यास मिळालेला हा धडा आहे.

आपल्याकडे असा प्रसंग थोडक्यात टळला. २०१६ साली यूपीआय आले, २०१७ साली ‘भारत क्यूआर’ आला, आणि त्याच काळात खाजगी कंपन्यांच्या स्वतंत्र चौकटीही आल्या. दुकानाच्या गल्ल्यावर तीन-तीन, चार-चार फलक उभे राहिले आणि ‘हा चालेल का, तो चालेल का’ हा संवाद आपण सर्वांनी ऐकला. गिऱ्हाइकाला ही गैरसोय वाटली. दुकानदाराच्या दृष्टीने ती मालकीची सुरुवात होती, कारण ज्याची चौकट त्याचे गिऱ्हाईक. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० साली समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बँकेने आदेश काढला: नवी खाजगी चौकट कोणी काढू नये आणि ज्यांच्या जुन्या आहेत त्यांनी ३१ मार्च २०२२ पर्यंत परस्परांत चालणाऱ्या चौकटींकडे वळावे. रिझर्व्ह बँकेवर टीका करण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. हा निर्णय मात्र निःशंक योग्य होता आणि वेळेवर झाला.

परंतु देशातील आदेश देशापुरता. मूळ चौकटीचे नियम आजही बाहेर ठरतात आणि तेथे आपले अस्तित्व किती जाणवते, याचा एक पुरावा त्या नियमांतच आहे. जपानी कांजी लिपीसाठी त्या प्रमाणात स्वतंत्र सोय असून एक कांजी अक्षर १३ बिटांत मावते. देवनागरीसाठी तशी सोय नाही. सर्वसाधारण संगणकी संकेतानुसार आपला साधा ‘क’ २४ बिटे खातो आणि ‘क्ष’ तर ७२. जपान्यांनी आपल्या लिपीची सोय केली याबद्दल त्यांना दोष देणे हास्यास्पद होईल. चीनने तर हानशिन नावाचा आपल्या लिपीला सोयीचा कोड बनवून २०२१ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य करून घेतला. बहुतेक चौकटींत नुसता एखादा पत्ता असतो, तेव्हा एवढ्या बिटांचा हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर औषधाच्या वेष्टनावर आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे औषधांवर बारकोड अथवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. खेड्यातल्या रुग्णाला फोनला जाळे मिळत नसतानाही औषधाची माहिती आपल्या लिपीत वाचता यावी, असे उद्या आपण म्हटले, तर नखाएवढ्या जागेत एकेका बिटाला किंमत येईल.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. वस्तूंवरील बारकोडांचे क्रमांक देणाऱ्या जीएस-वन या संस्थेने २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या दुकानांतील यंत्रांना उभ्या रेघांबरोबरच चौकटीही वाचता याव्यात, असे लक्ष्य ठेवले आहे. (बारकोडाच्या आरंभी ८९० असले की माल भारतीय, हा समज जाता जाता दुरुस्त करावयास हवा. तो क्रमांक भारतातील शाखेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.) हे क्रमांक फुकट मिळत नाहीत. मोठ्या कारखानदाराला त्या शुल्काचे काही वाटणार नाही. पापड-लोणची करणाऱ्या महिला बचत गटाला वाटते. यंत्रे बदलण्याचा खर्चही साखळी-दुकानांना झेपेल, कोपऱ्यावरच्या वाण्याला जड जाईल. लक्ष्य ठरविताना त्या वाण्याचे म्हणणे कोणी ऐकले?

याखेरीज फसवणूक आहेच. दुकानदाराच्या चौकटीवर रातोरात दुसरी चौकट चिकटवून पैसे लांबविण्याचे प्रकार घडले आहेत. फाटलेली चौकट सांधून वाचणारे गणित बदललेली चौकट ओळखू शकत नाही. चौकट खरी कोणाची, याची खूण त्या मूळ प्रमाणात नाही आणि ती केवळ पोलिसांच्या इशाऱ्यांनी येणार नाही.

आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेत देशाला एक मत असते आणि भारताचे मत देण्याचा अधिकार भारतीय मानक ब्युरोचा आहे. आमची मागणी साधी आहे. या विषयावर भारत काय म्हणणार, त्याचा मसुदा ब्युरोने मतदानापूर्वी प्रसिद्ध करावा. समितीवर उद्योगपतींच्या तज्ज्ञांबरोबर किरकोळ व्यापाऱ्यांच्या व ग्राहकांच्या संघटनांचे प्रतिनिधी घ्यावेत आणि भारतीय लिप्यांचे संगणकीय अंग जाणणाऱ्या अभ्यासकांना बोलवावे. लहान उत्पादकांच्या क्रमांक-शुल्काचा भार वाणिज्य मंत्रालयाने उचलावा. १८००४ या प्रमाणाची ताजी आवृत्ती २०२४ सालची आहे आणि अशा प्रमाणांचा फेरविचार पाच-पाच वर्षांनी होतो. पुढच्या फेरविचारासाठी भारताकडून कोण जाणार, त्यांची नावे आणि त्यांनी काय मांडावयाचे, हे बैठक भरण्यापूर्वी देशाला कळले पाहिजे.