नटणे आणि सजणे

दिवाळी आली की आपल्या घरांत दोन क्रियापदांना उसंत म्हणून मिळत नाही : नटणे आणि सजणे. इंग्रजीतल्या ‘ड्रेस’ आणि ‘अडॉर्न’ यांत फरक काय, असे विद्यार्थी मला विचारतात. मी म्हणतो, आधी घरची जोडी पाहा.

‘सजणे’ आले ‘सज्ज’ या संस्कृत शब्दावरून. सज्ज म्हणजे तयार. ‘अलंकार’मधील ‘अलम्’ म्हणजे पुरेसे; उणे होते ते पुरे करणे. गंमत अशी, की ‘अडॉर्न’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचाही अर्थ सिद्ध करणे, सामग्रीने युक्त करणे, असा आहे आणि ‘ड्रेस’च्या मुळाशी आहे सरळ करणे, नीट लावणे. ‘नटणे’ मात्र ‘नट’ शब्दाच्या घराण्यातले. त्याला प्रेक्षक लागतो. म्हणून पोळ्याला बैल सजवतात. आणि कुणाला ‘नटवी’ म्हटले, की कपाळाला आठी पडते.

हा फरक मला पाठ होता. समजला मात्र फार उशिरा. बीड जिल्ह्यातला नारायणगड धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या आषाढीला आई गडावर निघाली. पेटीतले जरीकाठी लुगडे नेसून ती ओसरीवर आली. मी सहज बोलून गेलो, “आई, आज नटलीस की!”

ती हसली नाही. आत गेली आणि रोजचे सुती लुगडे नेसून आली. “चल बाबा, ऊन व्हायच्या आत निघू,” एवढेच म्हणाली.

गडावर देवाला पोशाख केला होता, गळ्यात हार होते. देव नटला, असे तिथे कुणी म्हणाले नाही.

डोंगर हिरवाईने नटला, असे आपण कौतुकाने लिहितो. तेच क्रियापद विधवेच्या वाट्याला आले, की त्याला काटा फुटतो. माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. आई देवाच्या भेटीला सज्ज झाली होती. मी तिला प्रेक्षकांपुढे उभे केले.

ते लुगडे पुन्हा पेटीबाहेर आले नाही.

वाचकहो, यंदा पाडव्याला घरातले कुणी वडीलधारे माणूस नवे नेसून समोर आले, तर शब्दांची निवड करत बसू नका. “छान दिसतेस” म्हणा. त्याला कोश लागत नाही.