दहापैकी दहा, पण कुणी पाहिलं?

आपल्या होस्टेलवर सध्या कार्डांची साथ आली आहे. पोकेमॉनची, क्रिकेटची, फुटबॉलची कार्डं! खेळायला नव्हे, जपायला. त्यातही ज्याच्याकडे प्लास्टिकच्या जाड डबीत सीलबंद केलेलं आणि वर 9 किंवा 10 असा आकडा छापलेलं कार्ड आहे, तो राजा. मेसचे पैसे वाचवून असा 'स्लॅब' मागवणारे महाभागही आपल्यात आहेत. कार्ड कसं आहे असं विचारलं की उत्तर येतं, "दहा आहे, दहा!" माझा आक्षेप आहे तो या उत्तराला.

हा आकडा येतो कुठून? अमेरिकेत पीएसए नावाची कंपनी 1991 पासून पैसे घेऊन कार्डांची अवस्था तपासते आणि 1 ते 10 ग्रेड देते. अशा आणखीही कंपन्या आहेत. तपासतात मुख्यतः चार गोष्टी : छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. यातलं काहीच आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. पोकेमॉनचं कार्ड 63 बाय 88 मिलिमीटर असतं. डावी किनार 3 मि.मी. आणि उजवी 2 मि.मी. भरली, तर प्रमाण झालं 60:40. पीएसएच्या दहाला पुढच्या बाजूला साधारण 55:45 पर्यंतच चालतं. म्हणजे हे कार्ड दहाचं नाही, हे पट्टीवरच कळलं! कोपरे सराफाच्या भिंगातून बघा, रंग उडून पांढरे ठिपके दिसतात. कार्ड दिव्याखाली तिरकं धरा, समोरून न दिसणारे ओरखडे चमकतात.

ही पद्धत मला मनापासून आवडते. दूरच्या गिऱ्हाइकाला कार्ड हातात घेता येत नाही, तेव्हा तिऱ्हाइताचा दाखला लागतो, हेही मान्य. पण दाखला म्हणजे शेवटी एका माणसाचं मत. मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये एकच जॉब तिघांनी मोजून तीन रीडिंग आली, तर आपण जॉबला दोष देत नाही. इथे मात्र स्लॅब फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवायचं, कदाचित या खेपेला ग्रेड वाढेल, हा उद्योग तिकडे उघड चालतो. अगदी आपल्या रिव्हॅल्युएशनसारखा! कार्ड तेच, आकडा वेगळा, आणि 9 चा 10 झाला की किंमत कित्येक पट.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण होनस वॅगनर या बेसबॉलपटूच्या कार्डाचं. 1909 ते 1911 च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटांतून आलेली ही कार्डं. त्यातलं एक पीएसएने तपासलेलं पहिलं कार्ड ठरलं, ग्रेड मिळाली 8. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरला विकलं गेलं. आणि 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या! कापलेल्या कार्डाला खरं तर अशी ग्रेड मिळतच नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (सवयीने आपण अजून नगरच म्हणतो) घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जाऊन बघा. तिथेही ग्रेडिंगच चालतं : आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेलं. पण विकणाऱ्याने "चार दाती आहे" म्हटलं म्हणून कोणी पैसे मोजत नाही. गिऱ्हाईक स्वतः जबडा उघडून दात बघतं, जनावर चालवून बघतं, मगच बोलणी सुरू होतात. शाळेची पायरी न चढलेला माणूसही दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबत नाही. आणि आपण होणारे इंजिनीअर?

आता आपली जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आठवा. योकोझुनाचं वजन पुकारून जिंकलेली, खिशात घामाने मऊ झालेली, कोपरे गोल झालेली. पीएसएकडे पाठवली तर 1 किंवा 2 मिळेल, आणि तो निकाल बरोबरच असेल. ती वापरली गेली आहेत एवढंच तो आकडा सांगतो. म्हणून त्यांना इस्त्री करू नका, कडा कापू नका, खोडरबरने घासू नका. प्रामाणिकपणे झिजलेलं कार्ड सजवलेल्या कार्डापेक्षा कधीही बरं. हे वाचताना कोणाला स्वतःचा सीजीपीए आठवला, तर तो निव्वळ योगायोग समजावा!

कार्डं जरूर जमवा. फक्त पुढच्या वेळी कोणी स्लॅब हातात दिला, तर आधी आकड्यावर अंगठा ठेवा. किनारी मोजा, कोपरे बघा, उजेडात तिरका धरा आणि आपला आकडा कागदावर लिहा. मग अंगठा काढा. दोन आकड्यांत फरक पडला, तर आपलाच चुकला असं लगेच धरून चालू नका. आणि तोवर घरून आलेल्या पैशांना हात लावू नका.

– टी. ई. (मेकॅनिकल)